‘ग्रुपी’ला मराठीत काय म्हणावं?

रॉक बँडच्या मागे फिरणाऱ्या मुलींना इंग्रजीत ‘ग्रुपी’ म्हणतात. अशीच एक ग्रुपी असलेल्या पामेला दे बार यांचं आत्मकथन ‘आय ॲम विथ द बँड’ (१९८७) वाचणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आहे: ग्रुपीला ‘चाहती’ म्हणावं तर फार सोवळं वाटतं, दुसरं काही सुचतं ते शिवीच्या अंगाने जातं. मधला शब्द नाही का?

‘चाहती’ नकोच. चाहती घरबसल्या होता येतं, रेकॉर्ड लावली की झालं. ग्रुपी वादकांच्या मागे हॉटेलपर्यंत आणि दौऱ्यावरही जाते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर, ‘व्हिस्की अ गो गो’सारख्या क्लबांभोवती या मुलींचं जग उभं राहिलं. १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाने ग्रुपींवर अंकच काढला. ‘रखेल’ तर साफ चूक. रखेलीला कोणीतरी पोसावं लागतं. पामेला रॉक संगीतकार फ्रँक झॅपाची मुलं सांभाळायची आणि जीटीओज या मुलींच्या बँडमध्ये गायचीही.

आपल्याकडे शब्द का सापडत नाही, याचं मला पटलेलं कारण तमाशाच्या फडात आहे. तिथे बाई बोर्डावर आणि समोर पुरुष. त्यामुळे ‘शौकीन’, ‘दर्दी’, ‘बाईच्या नादी लागलेला’ हे सगळं पुरुषांसाठी रुळलं. पुरुष स्टेजवर, बाई आपल्या मर्जीने त्याच्या मागे, आणि नंतर तीच सगळं नावानिशी लिहून मोकळी, ही मांडणी आपल्या भाषेने फारशी पाहिलीच नाही. ‘नादावलेली’ जवळ जातो, पण त्यात भान सुटल्याचा अर्थ आहे. पामेला तर तेव्हा डायरी लिहीत होती.

म्हणून मी ‘ग्रुपी’च ठेवीन. आज ग्रुपी म्हणजे घोळक्याचा सेल्फी असाही अर्थ चालतो, तेव्हा पहिल्या उल्लेखाला ‘रॉक बँडची ग्रुपी’ असं लिहावं. अनेकवचन ‘ग्रुप्या’ करू नये, पार्ट्या-डायऱ्यांच्या रांगेत माणसं बसवल्यासारखं होतं. ‘तीन ग्रुपी आल्या’ हे कानाला नीट लागतं.

पुस्तकातल्या उघड्या प्रसंगांचं मराठी करणं अवघड आहे. ‘संभोग’ म्हटलं की दवाखाना आठवतो, ‘शरीरसंबंध’ म्हटलं की पोलीस ठाण्याची बातमी. पामेलाचा सूर मैत्रिणीला रात्री सांगावं तसा आहे. तिथे साधं ‘मी त्याच्याबरोबर झोपले’ लिहावं आणि पुढच्या वाक्याला लागावं.