गोदाकाठच्या वळणातली जमीन घेऊन तिथं घर बांधावं का?

तुम्ही विचारलंय की नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या बाजूला गोदावरीच्या वळणात, आतल्या अंगाला, सपाट काळी जमीन मिळतेय. तिथं शेती आणि राहतं घर दोन्ही जमेल का? शेती खुशाल करा. घर तिथं नको. आमची वस्ती अशाच एका वळणाच्या पोटात आहे, म्हणून कळकळीनं सांगतोय.

वळणावर पाणी बाहेरच्या काठाला घासत जातं, तिथं उभी दरड तयार होते. आतल्या अंगाला ते मंदावतं आणि गाळ टाकून देतं. तुमची सपाट काळी जमीन म्हणजे हाच गाळ. जुनी गावठाणं बघा, बहुतेक दरडीवर, उंचवट्याला. वळणात नुसती शेतं. मळ्यात राहायला आलो ते आम्ही, विहिरीवर मोटारी बसल्यावर.

त्यात हा पट्टा वेगळा. दारणासांगवीजवळ गोदावरीला दारणा मिळते, पुढं नांदूरमध्यमेश्वरला कादवा, आणि तिथंच इंग्रजांच्या काळातला बंधारा, गाळानं भरत आलेला. वरून गंगापूर धरणाचं पाणी सुटलं की ते बंधाऱ्याशी अडतं आणि खालून फुगवटा येतो. नाशकात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची पातळी ओळखतात; त्याच्या छातीला पाणी लागल्याचं कळलं की इकडं पाण्याच्या मोटारी वर काढायची घाई सुरू होते.

2019 च्या ऑगस्टात सायखेडा-चांदोरीत गावातही पाणी शिरलं, मग आमची काय कथा. चाळीतला कांदा खालून दीड हात भिजून सडला. पाणी ओसरलं तेव्हा घरात घोटाभर गाळ होता. चुलीच्या वैलात, जात्याच्या पाळूत, आईच्या देव्हाऱ्यातही, लोण्यासारखा मऊ. आई खराट्यानं तो ओढत होती आणि रडत होती. त्याच गाळावर पुढच्या रब्बीला हरभरा मात्र कमरेला लागला. म्हणूनच म्हणतोय, जमीन घ्या.

व्यवहाराआधी जलसंपदा खात्यात जाऊन गट नंबर निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या हद्दीच्या, आत येतो का ते विचारा. आत असेल तर बांधकामाचा विषय तिथंच मिटला. आणि जागा बघायला उन्हाळ्यात येऊ नका, तेव्हा नदी गरीब दिसते. पावसाळा संपता संपता या. काठच्या बाभळींच्या फांद्यांत पालापाचोळा आणि चिंध्या अडकलेल्या असतात, त्या किती उंचीवर आहेत ते बघा. घराचं जोतं त्याच्या वर निघत नसेल, तर राहायला गावठाणात छोटी जागा वेगळी शोधा.