वटवाघळाचे पंख कुठे वळवायचे?

*हातकामाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देताहेत बेळगावच्या उद्यमबागेत 34 वर्षं लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, करून निवृत्त झालेले आमचे काका.*

प्रश्न : काका, मी खानापूरचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका काल्पनिक राज्याची गोष्ट लिहितोय. त्या राज्याचं चिन्ह वटवाघूळ. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांवरून सुचलं. त्यातल्या राणीची तलवार खरीच करायची आहे, गॅदरिंगच्या नाटकात धरायला आणि नंतर भिंतीवर लावायला. पातं लोहाराकडून झालंय. ट्रकच्या कमानपाट्याचं, 76 सेंटिमीटर, बिनधारेचं. मुठीत जाणारी शेपटी 15 सेंटिमीटर. आडव्या दांडीला पसरलेले पंख, त्यांची टोकं हाताकडे वळलेली, आणि मुठीच्या बुडाला गोळ्याऐवजी वटवाघळाचं डोकं. सगळं पितळेत ओतायचंय. चित्र सोबत आहे. जमेल का?

उत्तर : चित्र झकास आहे रे, पण तू तलवार भिंतीवरच बघितलीस, हातात नाही. पंखांची टोकं हाताकडे वळली की मनगट फिरवताना पहिला ओरखडा राणीलाच. माझं ऐकायचं नसेल तर पुठ्ठ्याचे पंख काप, घरातल्या लाटण्यावर चढव आणि आरशापुढे दहा मिनिटं फिरव. मग टोकं आपणहून पात्याकडे वळवशील.

दुसरं, बारापेडेचं नाव घेतलंस तर वटवाघूळही तिथलंच काढ. तिथलं नावाजलेलं ते रॉटन साहेबाच्या नावाचं. त्याचे कान मोठे, आणि शेपटी पंखाच्या पडद्यातून बाहेर मोकळी आलेली. तू काढलंयस ते सिनेमातलं, त्याला शेपटीच नाही! ती मोकळी शेपटी दांडीच्या मधोमध पात्यावर उतरव. आपल्या जुन्या मुठींना पात्यावर उतरणारी जीभ असते, तशी. मग बुडाला डोकं, मूठ म्हणजे धड, दांडी म्हणजे पंख आणि पात्यावर शेपूट, असं सगळं मिळून एकच जनावर होतं. कान मात्र उभे ठेवू नकोस, डोक्याला चिकटवून मागे झोपव. नाहीतर तळव्यात रुततात.

आता मापं. तुझ्याकडे पात्याची शेपटी 150 मिलिमीटर, त्यातच सगळं बसवायचंय. दांडीची जाडी 12, मूठ 95, डोकं 40. झाले 147. उरले 3, ते डोक्याबाहेर आलेलं शेपटीचं टोक ठोकून पसरवायला, म्हणजे डोकं निसटत नाही. मूठ 110 ची करावीशी वाटेल, चित्रात ती ऐटदार दिसते, पण राणीचं काम करणाऱ्या मुलीचा तळवा मोजून बघ. चार बोटं 95 मध्ये आरामात मावतील.

डोक्याचं वजन मनाने ठरवू नकोस. 40 मिलिमीटरचा भरीव पितळी गोळा साधारण 285 ग्रॅम भरतो, शेपटीचं भोक पाडल्यावर 265 च्या आसपास. तोच अॅल्युमिनियमचा केलास तर 90 सुद्धा भरत नाही. समज, दांडी आणि मूठ चढवलेली तलवार 1100 ग्रॅमची आहे आणि तिचा तोल दांडीपासून 18 सेंटिमीटर पुढे पडतो. पितळी डोकं लावलं की तोल 12 वर येतो. सहा सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, हातात धरल्यावर कळतो. म्हणून डोकं ओतायच्या आधी शेपटीच्या टोकाला नट-बोल्टांची पिशवी बांध, हवा तिथे तोल येईपर्यंत नट घालत जा, मग पिशवी काट्यावर ठेव. डोक्याचं वजन तेवढं.

ओतकामाचं म्हणशील तर उद्यमबागेत बहुतेक बिडाचं काम. तुझ्या दोन पितळी नगांसाठी तिथे कुणी भट्टी पेटवणार नाही. घंटा आणि समया ओतणारा ओतारी गाठ. पॅटर्न सागवानाचा कर किंवा कॉलेजात प्रिंटर असेल तर प्लास्टिकचा काढ, मला त्याचा राग नाही. फक्त पितळ निवताना शेकड्याला दीड आकसतं हे लक्षात ठेव. म्हणजे 180 मिलिमीटर लांबीच्या दांडीला पॅटर्न पावणेतीन मिलिमीटरने मोठा हवा. पडदे 3 मिलिमीटरपेक्षा पातळ नकोत, वाळूत धातू तिथवर पोचायच्या आत गोठतो. आणि बाजूंना एक-दोन अंशांचा उतार दे, नाहीतर पॅटर्न वर काढताना साच्याची वाळू घेऊनच वर येतो.

दांडीतली शेपटी घालायची खाच मात्र ओतून घेऊ नकोस. ओळीने भोकं पाड आणि कानशीने मोकळी कर. पात्याच्या खांद्याला दिव्याची काजळी लाव, दांडी चढव, उतरव. काळं लागेल तिथेच घास. पुन्हा चढव. मला एका खाचेला दोन संध्याकाळी लागतात. तुला चार लागतील, लागू देत.

आणि लोहाराने शेपटी पात्याला जिथे मिळवलीय तो कोपरा बघ. ग्राइंडरने काटकोनात कापला असेल तर आधी तिथे गोलाई आण. तडा नेमका तिथूनच जातो. शेपटीऐवजी बोल्ट वेल्ड करायचा मोह तर अजिबात नको. शिवजयंतीच्या चित्ररथासाठी मी एकदा ते केलं होतं. घाई होती, मिरवणूक दुसऱ्या दिवशी. रथ रामलिंगखिंड गल्लीत आला तेव्हा मावळ्याच्या हातात नुसती मूठ, पातं ट्रॅक्टरच्या चाकाखाली. कुणाला लागलं नाही, पण त्या मंडळाची पोरं अजून मला ‘नुसती मूठ’ म्हणतात.

मुठीला शिसवाच्या दोन फाळ्या कर, आतून शेपटीपुरत्या कोर, अॅराल्डाइटने चिकटव. वरून दोरा, दोऱ्यावर कातडं. कातडं अथणीकडच्या चपला करणाऱ्यांकडून आण, पण चपलेचं नको, ते जाड. मिलिमीटरभर जाडीचं माग. ओलं करून ताणून शीव, वाळताना ते आपणच आवळतं. साल-हिरड्याने कमावलेलं कातडं लोखंडाला लागलं की काळं पडतं, म्हणून शेपटी चिकटाने पुरती झाकलेली हवी.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या तलवारीची मूठ हलते. वेल्डिंग करून घेऊ का? (येळ्ळूरजवळचे एक शेतकरी)

उत्तर : दादा, वेल्डिंगवाल्याच्या दारातही नेऊ नका! आपली जुनी मूठ पोकळ असते. पात्याची आखूड शेपटी तिच्यात लाखेने बसवलेली असते. लाख वाळून भुगा झाली की मूठ हलते, त्यात मोडलेलं काही नाही. जाणकाराकडून मूठ हलकी तापवून जुनी लाख काढायची, नवी लाख विटेच्या भुकटीबरोबर वितळवून भरायची, पातं सरळ धरून निवू द्यायचं. जाळ मुठीला, पात्याला नाही. पात्याचं पाणी उतरलं तर परत येत नाही. मुठीवर सोन्या-चांदीची तार दिसली तर पॉलिशचा कपडासुद्धा लावू नका.

प्रश्न : मुलीला वेशभूषा स्पर्धेसाठी जादूची तलवार हवी आहे. वय 9. (निपाणीच्या एक ताई)

उत्तर : ताई, व्यायामाच्या चटईचा फोम, आत प्लास्टिकची वायरिंगची नळी. फोम गरम हवेने तापवून वाकवा, फेविकॉलचे दोन हात द्या, वर सोनेरी रंग. शंभर-दीडशे ग्रॅममध्ये होते.

खानापूरच्या पोरा, तुलाही जाता जाता. शस्त्र कायद्याच्या यादीत 9 इंचांहून लांब पात्याची तलवार येते. तुझी बिनधारेची आणि नाटकाची असली तरी बसमधून उघडी नेऊ नकोस. कापडात गुंडाळ, कॉलेजचं पत्र जवळ ठेव आणि ठाण्यात आधी विचारून ये. डोक्याचा पॅटर्न झाला की ओतायच्या आधी मला दाखव. कान मी बघतो.