वाकणारा ॲक्सल बाद करण्याआधी दोरी कशी धरणार ते लेखी द्या

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसलो. तुमच्या ग्रुपने लँड सेलिंगच्या (म्हणजे शीड लावून वाऱ्यावर जमिनीवर पळणाऱ्या तीनचाकी) गाडीला मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, फायबरचा, वाकणारा केलाय, आयोजक म्हणतात "नियमात बसतोय पण नियमाच्या हेतूत बसत नाही", आणि तू विचारतोयस की असलं नवीन काही करावं का सगळ्यांसारखा सरळ पाइप टाकून मोकळं व्हावं. आमच्या गाडीचं अगदी हेच झालं होतं, ॲक्सलसकट. शीड कसं ओढायचं, वळताना काय करायचं हे तुला येत असणार, त्यात जात नाही.

माझं मत आधी सांगतो, पटलं तर घे. नियम दोरी-टेप लावून मोजता येईल अशा गोष्टीवर असावा, बाकी ज्याचं डोकं त्याला चालवू द्यावं. जगभरात जे क्लास, म्हणजे शर्यतीचे गट, टिकलेत ते असेच आहेत. फिस्ली ही लँड सेलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना 1962 पासून आहे, त्यांच्या क्लास 3 मध्ये शीड 7.35 चौरस मीटरच्या आत पाहिजे आणि त्यात मास्टचं (शिडाच्या उभ्या खांबाचं) क्षेत्रफळही धरतात. का? तर मास्ट रुंद पंखासारखा केला की तोही शिडाचंच काम करतो. त्यांनी पंखासारखा मास्ट बंद नाही केला, मापात धरला, विषय संपला. मिनी यॉट या छोट्या गाड्यांच्या गटात तर अजून सोपं, तिन्ही चाकांभोवती दोरी फिरवायची, 5.60 मीटरच्या आत आली पाहिजे. मग कोण लांब-अरुंद करतो कोण आखूड-रुंद, कर बाबा काय करायचं ते.

आमच्या स्पर्धेत (नाव घेत नाही, लिहिण्यासारखं नाही) हाच दोरीचा नियम उचलला होता. आमचा ॲक्सल मधे वर उचललेला, कमानीसारखा, उद्यमनगरात एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे साचा करून त्यावर काच-कापडाचे थर चढवून केलेला. त्याचा फायदा असा की झुळूक जोरात आली की आधी ॲक्सल दबतो, वाऱ्याकडचं चाक लगेच जमीन सोडत नाही, आणि खडबडीत जागी चालवणाऱ्याची कंबर वाचते. पण माणूस बसला की कमान सपाट होते आणि दोन्ही चाकं बाहेर सरकतात. म्हणजे रिकाम्या गाडीचं माप वेगळं, माणसासकट वेगळं. नियमात यावर एक शब्द नाही.

आम्ही मेल करून विचारलं, गाडी रिकामी मोजणार का माणूस बसवून? उत्तर नाही. परत मेल, परत नाही. फोन केला तर "रिकामीच मोजतात हो, त्यात काय एवढं". म्हटलं तेवढं लेखी द्या, तर म्हणे कमिटी बसल्याशिवाय लेखी देता येत नाही. आणि कमिटी काही स्पर्धेपर्यंत बसली नाही. स्क्रुटिनीच्या (शर्यतीआधी गाड्या तपासतात त्या) दिवशी तपासणाऱ्याने आमच्यातला सगळ्यात वजनदार पोरगा गाडीत बसवला आणि दोरी फिरवली. दोरीची दोन टोकं एकमेकांना टेकेनात, मधे जेमतेम बोटभर जागा. गाडी बाद. त्याच सकाळी दुसऱ्या टीमची गाडी रिकामी मोजून पास केली, आमच्या डोळ्यासमोर! विचारलं तर "तो ॲक्सल वाकत नाही ना". अरे मग वाकतो का नाही हे कुठल्या कलमात लिहिलंय?

राग बाद झाल्याचा नाही, पुढच्या वर्षी जे केलं त्याचा आहे. मोजायची पद्धत लिहायला एक ओळ पुरली असती, ती न लिहिता त्यांनी "सुरक्षेच्या कारणास्तव" वाकणारे ॲक्सलच बंद केले. साचा, थर, पोरांची सगळी मेहनत भंगारात. आणि त्याच वर्षी सायकलचे स्पोकवाले रिम सर्रास चालू दिले! सायकलचं चाक वरून येणारं वजन घेतं, वळताना आडवा जोर आला की वाटी होऊन बसतं, तिघांची झालेली मी पाहिलीत. खरी सुरक्षा तिथे बघायची. स्कूटरचे रिम टाक, जड पडतात पण आडव्या जोराला मोडत नाहीत.

आपल्याकडं तालमीत हे साध्या पोरालाही कळतं. वजनगट ठरलेला, जीवघेणे डाव बंद, बाकी कुठला डाव टाकायचा हे पंच सांगत नाही. ब्लोकार्ट या कंपनीच्या तयार शिडाच्या गाड्यांची शर्यत घेणारे वजनगट करतातच, शिवाय त्यांच्यात प्रॉडक्शन आणि परफॉर्मन्स असे दोन गट आहेत, ज्याला कंपनीची गाडी आहे तशी पळवायची तो पहिल्यात, ज्याला शेल-बिल (वारा कापणारं बाहेरचं कवच) बसवायचंय तो दुसऱ्यात. कमी पैशावाल्या टीमचं नुकसान होतं म्हणून नवीन काही नकोच म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे, वेगळा गट करा. पैशाची अडचण खरी आहे हे मी मान्य करतो. कार्बनचा मास्ट परवडणाऱ्याशी आमची ॲल्युमिनियमची नळी काय भांडणार. पण बंदी घातली की पैसेवाला दुसरीकडे पैसा घालतो, आणि स्वस्तात डोकं चालवणारा तेवढा मरतो.

बर्फावरची डीएन बोट बघ. 1937 साली डेट्रॉइट न्यूज पेपरच्या वर्कशॉपमध्ये जन्मली, शीड 60 चौरस फूट, सांगाड्याची मापं बांधलेली. पण पुढे वाकणारे कंपोझिट (फायबरचे थर देऊन केलेले) मास्ट येऊ दिले आणि बोटींचा वेगच बदलला. मास्ट मोडायचे, मोडू दिले, त्यातून लोक शिकले. क्लास आजही जोरात आहे. सगळंच मोकळं सोडायचं असेल तर ते विक्रमाला, जसं ग्लेन ॲशबीने डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात होरोनुकू ही शिडाची गाडी ताशी 222.4 किमीने पळवली, शिडाच्या जागी कडक पंख लावून. शर्यतीत माप पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही.

तर तू ॲक्सल काढू नकोस. आयोजकांना तीन गोष्टी लेखी माग: माप रिकाम्या गाडीचं का बसवून, बसवून असेल तर किती किलो ठेवून (टीममधला जाडा पोरगा नव्हे, ठरलेलं वजन, वाळूची पोती चालतील), आणि नियमात बदल केला तर तो पुढच्या सीझनपासून. "हेतू" वगैरे म्हणाले तर हेतू कलमात लिहा म्हणावं. एकट्याने मागू नकोस, चार टीमच्या सह्या घे, एकट्याच्या मेलला कोणी विचारत नाही. आणि घरी स्वतः तोवर वजन ठेवूनच मोज, कोपऱ्यात चाकाच्या खालच्या कडेला दोरी धरून. हे माझ्या अनुभवापुरतं हं, तुझे आयोजक चांगले असतील तर एका फोनमध्ये काम होईल.

जाता जाता, तपोवनाच्या मैदानावर सराव करत असशील तर सकाळी जा, दुपारनंतर पोरं क्रिकेटला येतात आणि शिडामागून काही दिसत नाही. कोकणात वाळूवर नेलीस तर त्याच संध्याकाळी बेअरिंग गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस भर, दुसऱ्या दिवशी जाम झालेली असतात. शीड शिवायला पॉलिस्टरचा दोरा, सुती नको.

त्या कलमाचा फोटो इथे टाक. मापाची ओळ कशी लिहायची ते मी लिहून देतो, तुमच्या पत्राला जोडा.