व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न मागता बाल लैंगिक शोषणाचे चित्र आले, तर ज्याच्या फोनवर ते आले त्याच्यावर गुन्हा दाखल होतो का?

जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी एका लहान मुलीचे असे चित्र टाकले, ते आपोआप आपल्या गॅलरीत उतरले, आणि आता ते पुसावे की पुरावा म्हणून ठेवावे, असे आपण विचारले आहे. मी फौजदारी वकिली करतो. नुसते चित्र फोनवर येऊन पडले म्हणून आपण गुन्हेगार ठरत नाही. ते काय आहे हे कळल्यावर आपण काय केले आणि काय करायचे टाळले, यावर मात्र पुढचे सारे अवलंबून आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब मध्ये असे साहित्य तयार करणे, जमवणे, शोधणे, पाहणे, डाउनलोड करणे, इतरांना पाठवणे अशा कृती गुन्हा ठरवल्या आहेत आणि पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या मते या साऱ्या कृतींमागे माणसाचा हेतू गृहीत आहे. फोनच्या सेटिंगमुळे झालेले डाउनलोड त्यात बसवणे कठीण आहे. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते पॉक्सो कायद्याचे, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, कलम 15. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याच्या पहिल्या पोटकलमानुसार, असे साहित्य बाळगणारी व्यक्ती ते पुढे पाठवण्याच्या हेतूने पुसत नसेल, नष्ट करत नसेल किंवा कळवत नसेल, तर तिला किमान 5,000 रुपये दंड होतो. प्रत्यक्ष प्रसारासाठी बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मग हेतू नव्हता हे सिद्ध कसे करायचे, हा खरा प्रश्न. 23 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, असे साहित्य फोनवर नुसते ठेवणे वा पाहणे गुन्हा नाही असे म्हणणारा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करताना सांगितले की, साहित्य कोणत्या परिस्थितीत ठेवले गेले आणि का पुसले वा कळवले गेले नाही, यावरूनच हेतूचा अंदाज बांधायचा. शिवाय पॉक्सोच्या कलम 30 नुसार खटल्यात दोषी मनःस्थिती, म्हणजे गुन्ह्याचा हेतू वा जाणीव, गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे आरोपीला दाखवावे लागते. अनोळखी लिंक उघडल्यावर असे काही दिसलेल्या माणसाचे उदाहरणही न्यायालयाने विचारात घेतले आणि त्याने लिंक लगेच बंद करण्यासोबत ते कळवण्यालाही महत्त्व दिले. म्हणूनच महिनोन्‌महिने गप्प राहणे धोक्याचे आहे.

आता पुसावे की ठेवावे? कलम 15 मध्येच पुसणे हा एक मार्ग सांगितला आहे, त्यामुळे घाबरून चित्र पुसले असले तरी तेवढ्यावरून पुरावा नष्ट केल्याचा आरोप होईल असे मला वाटत नाही. परंतु पुसल्याने कळवण्याची जबाबदारी संपत नाही. कलम 19 प्रमाणे पॉक्सोखालील गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची असते, आणि न दिल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला त्याबद्दल जबाबदार धरता येत नाही, हेही कलम 19 मध्येच आहे. माझा सल्ला असा की आजच राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. 2020 च्या पॉक्सो नियमांनुसार, चित्र कोणत्या फोनवर दिसले, कोणत्या फोनवरून आल्याचा संशय आहे आणि कोणत्या माध्यमातून आले, हे तक्रारीत लिहायचे असते. म्हणून ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ कागदावर टिपून ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण भल्या माणसांकडून नेमकी हीच चूक होते: “हे बघा, काय आलंय” म्हणून ते चित्र पत्नीला, मित्राला, वकिलाला, अगदी ओळखीच्या हवालदारालाही पाठवू नका. पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याचा स्क्रीनशॉटही काढू नका. पोलिसांना दाखवायचे असेल तर फोन घेऊन ठाण्यात जा. गॅलरीचा आपोआप बॅकअप होत असेल तर प्रत क्लाउडवरही गेलेली असू शकते. तक्रारीत तेही नमूद करा. अशी चित्रे अमेरिकी कंपन्यांच्या यंत्रणेत आढळली की त्याची सूचना तिथल्या संस्थेमार्फत भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येते, तसा करार 2019 मध्येच झाला आहे. ती सूचना येण्याआधी आपली तक्रार नोंदलेली असणे फार मोलाचे ठरेल.

ग्रुपचे अ‍ॅडमिन आपण असाल, तर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दुसऱ्या एका प्रकरणात दिलेला निर्णय उपयोगी पडेल: समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरीही पाठवणाऱ्याचा नंबर टिपून झाल्यावर त्याला ग्रुपमधून काढा आणि मजकूर सर्वांसाठी हटवा.

तपासासाठी पोलीस फोन ताब्यात घेऊ शकतात. तसे झाल्यास जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि तक्रारीची पोच त्याच्यासोबत जपून ठेवा. पुढे चौकशीसाठी नोटीस आली, तर ही दोन्ही कागदपत्रे घेऊन आधी वकिलाला भेटा आणि मगच जबाब द्या.