कपाशीची 'धरण उशाला, कोरड घशाला'

परभणी-हिंगोलीकडून या आठवड्यात तीन-चार शेतकऱ्यांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "साहेब, वीस दिवस पावसाचा थेंब नव्हता, मग दोन दिवस झोडपून काढलं. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि दुपारपर्यंत ओळीतली मधली-मधली झाडं माना टाकून बसली. खाली चिखल असताना झाड सुकतंच कसं? मर रोग असेल तर कोणतं औषध मारू?" एका ताईंचा प्रश्न पातेगळीचा, म्हणजे पाती (फूल होण्याआधीच्या कळ्या) गळण्याचा आहे. रोज सकाळी सरीत पात्यांचा सडा पडलेला असतो, असं त्या सांगतात. दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे, म्हणून उत्तरही एकत्र देतो.

दादा, पंप पाठीवर घेण्याआधी एक सुकलेलं झाड मुळासकट उपटा. खोड विळ्यानं उभं चिरा. आत तपकिरी रेषा दिसल्या तर बुरशीजन्य मर. आतला भाग स्वच्छ पांढरट आणि मुळं शाबूत असतील तर ती आकस्मिक मर, म्हणजे पॅराविल्ट. तुम्ही सांगता ती लक्षणं याचीच आहेत. हा रोग नाही, त्यामुळे एका झाडावरून दुसऱ्यावर पसरतही नाही.

झाडाचा दिवसभर एकच हिशोब चाललेला असतो: पानातून जेवढं पाणी वाफ होऊन जाईल तेवढं मुळांनी खालून आणायचं. ऊन चढलं की पानांवरची बारीक छिद्रं झाड स्वतःच आवळून धरतं. म्हणून दुपारी पानं थोडी मलूल झाली आणि सूर्य कलल्यावर पुन्हा ताठ झाली, तर घाबरून पाणी सोडू नका.

आता जमिनीखाली काय घडतं ते बघा. वापसा (म्हणजे ओल आणि हवा दोन्ही बेताची) असलेल्या चांगल्या जमिनीत साधारण निम्मा भाग माती, पाव भाग पाणी आणि पाव भाग हवा असते. मुळांना पाणी ओढायला बळ लागतं आणि ते बळ त्यांना या हवेतल्या प्राणवायूतून मिळतं. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की हवेची जागा पाणी घेतं. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मुळं गुदमरतात आणि पाण्यात उभी असूनही पाणी आत घेणं कमी करतात. नेमकं तेव्हाच वर ऊन पडलेलं असतं, झाड बोंडांनी लदलेलं असतं आणि पानं भराभर पाणी मागत असतात. मुळांकडून वर गेलेल्या इशाऱ्यामुळे झाडात इथिलीन हा वायू वाढतो. त्यानं पानं खाली झुकतात म्हणजे ऊन कमी लागतं, मग पानं, पाती आणि कोवळी बोंडं गळतात. जेवढं पोसता येईल तेवढंच झाड अंगावर ठेवतं. म्हणून भरपूर बोंडं धरलेली, जोमदार झाडंच आधी माना टाकतात.

पहिलं काम पाणी काढण्याचं. उताराच्या बाजूनं चर काढा, आजच काढा. त्यानंतर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम ००:००:५० हे पालाशचं खत आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक मिसळून सुकू लागलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी १०० मिली आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. आळवणी झाली की बुंध्याजवळची माती पायानं नीट दाबून घ्या. ही गोष्ट बरेच जण सोडून देतात. पावसानं आणि वाऱ्यानं हललेल्या झाडाच्या मुळांभोवती पोकळी झालेली असते, ती भरली की मुळं मातीला पुन्हा चिकटतात. हे सगळं माना टाकल्यापासून एक-दोन दिवसांत व्हायला हवं. पानं वाळून कुरकुरीत झाल्यावर खर्च वाया जातो.

ताई, तुमच्या पात्यांपैकी मूठभर उचला आणि एकेक बघा. भोक किंवा अळीची विष्ठा दिसली तर तो बोंडअळीचा विषय, त्याचा सल्ला वेगळा. पातं साबूत असेल तर झाडानं ते स्वतःहून सोडलंय. कपाशीत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाती-बोंडं अशी नेहमीच गळतात, म्हणून प्रत्येक पात्याचा जीवाला घोर लावून घेऊ नका. गळ फारच असेल तर ४.५ टक्के एनएए हे गळ रोखणारं संजीवक १० लिटर पाण्याला ४ ते ५ मिली फवारा. हात सैल सोडून जास्त टाकू नका, झाडाला इजा होते. आणि ही फवारणी वापसा आल्यावरच करा, तुंबलेल्या रानात ती लागू पडत नाही.

पुढच्या हंगामासाठी एवढंच करा. शेवटच्या कोळपणीला कोळप्याच्या जानोळ्याला (खालची लोखंडी पास धरणाऱ्या दांड्याला) दोरी गुंडाळून प्रत्येक ओळीत सरी पाडा. उघाडीत तीच सरी ओल धरते आणि झडीत जादा पाणी बाहेर काढते.

आठवड्याभरात शेंडा पुन्हा हिरवा दिसायला हवा. नाही दिसला तर मला झाडाचा फोटो पाठवा, पण नुसत्या पानांचा नको. उपटलेल्या मुळांचा आणि चिरलेल्या खोडाचाही पाठवा.