वेल्श न बोलणारा वेल्श

प्रश्न : माझी मुलगी ब्रिटनमधील वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला राहते. सहा वर्षांचा नातू वेल्श माध्यमाच्या शाळेत जातो आणि स्वतःला वेल्श म्हणवतो. शेजारचे आजोबा पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. त्यांना कोणी इंग्लिश म्हटलेले खपत नाही, पण वेल्श बोलता येत नाही. मग खरा वेल्श कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघेही. 2021च्या जनगणनेत वेल्समधील तीन वर्षांवरील लोकांपैकी जेमतेम 17.8 टक्क्यांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले, तर निम्म्याहून अधिक लोकांनी आपली राष्ट्रीय ओळख केवळ ‘वेल्श’ अशी नोंदवली. म्हणजे स्वतःला वेल्श म्हणवणाऱ्यांत शेजारच्या आजोबांसारखेच लोक बहुसंख्य आहेत. वायव्येकडील ग्विनेडमध्ये सुमारे 64 टक्के लोक वेल्श बोलतात, तर दक्षिणेच्या कोळसा-खोऱ्यांतील ब्लायनाय ग्वेंटमध्ये सुमारे 6 टक्केच. तरीही स्वतःला वेल्श म्हणवण्यात हीच खोरी आघाडीवर आहेत.

असे का झाले, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. 1847च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेला मागासलेपणाचे आणि अनीतीचे कारण ठरवले. काही शाळांत वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवला जाई. खाणींमध्ये इंग्लंडमधूनही हजारो मजूर आले, आणि मुलांचे भले इंग्रजीतच आहे असे मानून अनेक आईबापांनी घरातली भाषा सोडून दिली. खाण, कामगार संघटना, प्रार्थनागृह आणि रग्बी यांतून घडलेला आपलेपणा मात्र इंग्रजी बोलतानाही टिकला. म्हणून, ज्यांना भाषा मिळालीच नाही त्यांना ‘तुम्ही अर्धेच वेल्श’ असे कोणी म्हणाले, की मला ते अन्यायाचे वाटते.

याचा अर्थ भाषा गौण आहे असा नव्हे. 1962 साली वेल्श नाटककार आणि राष्ट्रवादी नेते साँडर्स लुइस यांनी रेडिओवरील व्याख्यानात भाषेचा प्रश्न स्वराज्याहूनही महत्त्वाचा असल्याचे मांडले आणि त्यातून भाषेची चळवळ उभी राहिली. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव 1965 साली धरणात बुडाले, तेव्हा वेल्श न येणाऱ्यांनाही ते आपलेच गाव गेल्यासारखे वाटले. 1856 साली रचलेल्या वेल्श राष्ट्रगीताच्या अखेरीस ही जुनी भाषा टिकून राहो अशी प्रार्थना आहे, आणि ज्यांना वेल्शमध्ये चार वाक्ये जुळवता येत नाहीत असेही असंख्य लोक रग्बीच्या सामन्यांत ते मूळ भाषेत भरल्या गळ्याने गातात. भाषा मुखी नसली तरी ती आपली आहे आणि ती जगावी, ही भावना तेथील राष्ट्रीयत्वाचाच भाग आहे.

आता नातवाविषयी. वेल्श पूर्वज मिळवता येत नाहीत, भाषा मात्र मिळवता येते. परक्या देशातून आलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. 2011च्या कायद्याने तिला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला असून 2050पर्यंत दहा लाख वेल्शभाषक घडवण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे, आणि आपला नातू त्यांतलाच एक होणार आहे. घरी त्याच्याशी मराठीतच बोलत राहावे. दोन भाषांत वाढणारी मुले तेथे नवलाची नाहीत. शेजारच्या आजोबांना राष्ट्रगीत पाठ असेलच. त्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ आता तो त्यांना सांगू शकेल.