ब्लाउजमधली माया

"मॅडम, ती जेवत नाही हो. आणि दिवसभर त्या हॉलिवूडच्या नट्यांचे फोटो बघत बसते."

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की त्यापुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "आम्ही सांगून थकलो, ते सगळं खोटं असतं म्हणून." मार्चमध्ये ऑस्कर झालं की आणि मे महिन्यात मेट गाला हा न्यूयॉर्कचा फॅशन सोहळा झाला की असे फोन हमखास वाढतात. म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं. जिची गोष्ट सांगतेय तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला इरा म्हणू या.

इरा एकवीस वर्षांची, फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. आई बँकेत. पहिल्या दिवशी आईच जास्त बोलल्या. "बारावीत हिला सहाला उठवताना माझा जीव जायचा, आणि त्या मेट गालासाठी पहाटे साडेतीनचा गजर लावते!" मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या पायऱ्या तारेतारका चढू लागतात, तेव्हा आपल्याकडे मंगळवार उजाडायचा असतो. इरा दीड महिना दुपारी काकडी आणि रात्री कपभर ताक यावर होती. केस गळत होते, पाळी लांबली होती, कॉलेजच्या जिन्यात एकदा चक्कर येऊन बसली होती.

इथे थांबून एक गोष्ट सांगतेच. अशी लक्षणं असतील तर आधी डॉक्टर, मग मी. मुलगी जेवणानंतर मुद्दाम उलटी काढत असेल, पाळी बंद झाली असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तर नुसत्या बोलण्यावर भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. इराला मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांची देखरेख सुरू झाल्यावरच आम्ही दोघी निवांत बोलायला बसलो.

तिचा पाच मैत्रिणींचा एक ग्रुप होता. रेड कार्पेटवरच्या प्रत्येक फोटोला दहापैकी मार्क द्यायचे, हा तिथला नेम. तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "दंड बघा हिचे." "या पोटावर हा कट?" "बाईचं वय झालं आता." मी बराच वेळ वाचत होते. फॅशन शिकणाऱ्या मुलींच्या त्या गप्पांत कापडाबद्दल, शिवणीबद्दल, रंगाबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं. सगळे मार्क अंगाला होते.

मीही सुरुवातीला तेच केलं जे सगळे आईवडील करतात. हे खोटं कसं असतं ते सांगू लागले. जुन्या हॉलिवूडमधल्या रिटा हेवर्थ या नटीचं उदाहरण मला फार जवळचं आहे. स्पॅनिश नर्तकाची ही मुलगी, मूळ नाव मार्गारिटा कॅन्सिनो. स्टुडिओला तिचं कपाळ अरुंद वाटलं, म्हणून विजेच्या सुईने एकेका केसाचं मूळ जाळून तिची केसांची रेषा मागे नेली. काळे केस तांबडे रंगवले, आडनाव बदललं. मग जगाने तिला 'जन्मजात सुंदर' म्हटलं. मी हे रंगवून सांगितलं. इराने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिनेच मला शिकवलं. डिझायनरकडे नमुन्याचा कपडा अगदी लहान मापात शिवलेला असतो, तोच नट्यांना वापरायला देतात. ज्या त्यात मावत नाहीत त्यांची पंचाईत. मेलिसा मॅकार्थीने २०१४ मध्ये उघड सांगितलं होतं की ऑस्करसाठी तिने पाच-सहा डिझायनरांना विचारलं आणि सगळ्यांनी नकार दिला. ब्राइस डॅलस हॉवर्ड २०१६ च्या गोल्डन ग्लोब्जला दुकानातून विकत घेतलेला ड्रेस घालून गेली, कारण तिच्या मापात निवडीला काही उरत नव्हतं.

"मला हे सगळं माहितीये, मॅम," ती म्हणाली. "माहीत असूनही रात्री आरशात मला दंडच दिसतात."

या एका वाक्याने मला माझी चूक दाखवली. आजच्या मुलींना 'ते खोटं असतं' हे सांगायची गरज नाही, त्या आपल्यापेक्षा जास्त जाणतात. प्रश्न माहितीचा नसतोच.

आईंना मात्र ही गोष्ट मुळात पटत नव्हती. "नुसते फोटो बघून कुणी जेवण सोडतं का?" त्यांना मी फिजीची हकीकत सांगितली. फिजी बेटांवर अंगाने भरलेली बाई म्हणजे घरच्यांनी नीट काळजी घेतलेली बाई, अशी समजूत होती. मुलगी वाळली की लोक चिंता करत. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला, त्यावर अमेरिकन मालिका आल्या. ॲन बेकर या संशोधक डॉक्टरांनी तेव्हा शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. वजनासाठी उलटी काढते असं सांगणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा हे प्रमाण ११.३ टक्के होतं. आई गप्प झाल्या. पण इराच्या बाबतीत फिजी हे अर्धंच उत्तर होतं.

उरलेलं अर्धं चौथ्या भेटीत हाती लागलं. इरा म्हणाली, "डिसेंबरमध्ये मावसबहिणीचं लग्न आहे. मला आईच्या लग्नातलं शालूवरचं ब्लाउज घालायचंय. त्यात मला बसायलाच हवं."

माझं काम ज्या विचारावर उभं आहे, तो मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कचे. त्यांचं सगळं सांगणं मराठीत एका अक्षरात येतं, असं मी वीस वर्षं मानत आले आहे. ते अक्षर म्हणजे 'च'. 'बसायला आवडेल' ही इच्छा झाली. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हिरमुसतो आणि संध्याकाळी जेवतो. 'बसायलाच हवं' हा हुकूम झाला. हुकूम मोडला की शिक्षा आली, आणि शिक्षा देणारे आपणच. म्हणून समोरचा माणूस 'च' कुठे लावतो, तिकडे माझे कान टवकारलेले असतात.

"नाही बसलीस तर?" मी विचारलं.

"मग मी आईसारखी नाही." थोडं थांबून म्हणाली, "किम कार्दाशियनने २०२२ ला तीन आठवड्यांत सोळा पाउंड कमी केले मॅम. सात किलो. ती करू शकते, तर मी का नाही?"

हा प्रसंग अनेकांना आठवत असेल. १९ मे १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाच्या समारंभात मर्लिन मन्रोने जो चमचमता ड्रेस घातला होता, तो इतका अंगाबरोबर होता की तिला त्यात उभं करून शिवून घेतलं होतं. २०१६ मध्ये तो ४८ लाख डॉलरला विकला गेला. त्या समारंभानंतर साठ वर्षांनी रिॲलिटी टीव्हीतून गाजलेल्या किमने तो मेट गालासाठी मागितला. तिला तो होईना. तेव्हा तिने वजन उतरवलं. तरीही मागचं बंद होत नव्हतंच, ते झाकायला तिने पांढरी शाल घेतली, तेवढ्या पायऱ्या चढली आणि आत जाऊन हुबेहूब नक्कल घातली.

मी यावर काही बोलले नाही. "पुढच्या वेळी ते ब्लाउज घेऊन ये," एवढंच म्हटलं.

ती घेऊन आली. जुन्या मलमलच्या रुमालात बांधलेलं, डाळिंबी रंगाचं, डांबरगोळ्यांचा वास असलेलं. मी म्हटलं, "मला शिवणातलं काही कळत नाही. हे उलटं करून समजावून सांगशील? कसं शिवलंय?"

तिचे हात बदलले. एवढे दिवस माझ्यासमोर दंड झाकून बसणारी मुलगी एकदम टेबलावर वाकली. "हे अस्तर. हे टक्स, किती सुबक आहेत बघा. ही बाजूची शिवण. आणि ही आत ठेवलेली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड."

"माया कशाला ठेवतात?"

"अंग बदलतं ना मॅम. टेलरला माहीत असतं."

बोलून गेली आणि तिचं बोट शिवणीवर थांबलं. शिवणीच्या आत कापडाचा रंग अजून नव्यासारखा होता, पण एकसारखा नव्हता. मधे एक पट्टी किंचित विटलेली. तिने ब्लाउज खिडकीपाशी उजेडात धरलं. "इथे आधी टीप होती. सुईची भोकं दिसतायत बघा, ओळीने." मग बोट आणखी आत गेलं. "आणि इथेही." बराच वेळ ती बोलली नाही. शेवटी म्हणाली, "हे दोनदा उसवलंय."

बोलण्यासारखं मनात पुष्कळ येत असताना गप्प राहणं, हे या कामातलं सगळ्यात अवघड कसब आहे. ते मी कष्टाने कमावलंय, आणि त्या दिवशी ते उपयोगी पडलं. मी बोलले असते तर पुढचं तिला सुचलं नसतं.

"मर्लिनच्या ड्रेसला कात्री लावायची परवानगी नव्हती," ती हळूच म्हणाली. "म्हणून किमला स्वतःलाच आत घ्यावं लागलं. मॅम, मी घरात शिलाई मशीन असताना हे काय करतेय?"

तिने स्वतःच वहीतलं आधीचं वाक्य काढलं. 'बसायलाच हवं' मधला 'च' खोडला. 'हवं' सुद्धा खोडलं आणि वर लिहिलं, 'बसलं तर आवडेल'.

पुढच्या भेटीला आई होत्या. ब्लाउज टेबलावर उलटंच ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. "पहिल्यांदा दिराच्या लग्नाला सैल करून घेतलं. इरा तेव्हा सात महिन्यांची होती. दुसऱ्यांदा थायरॉइड निघाला तेव्हा. सगळ्या विचारायच्या, अजून बसतं का गं तुला? मी हो म्हणायचे."

"आणि मला दाखवून म्हणायचीस, बघ केवढंसं होतं," इरा म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिने एक आठवण काढली. २०१२ चा कान चित्रपट महोत्सव. ऐश्वर्या राय बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी रेड कार्पेटवर आली होती आणि तिच्या वजनावर जगभर चर्चा झाली होती. "मी तिसरीत होते. तू आणि मावशी पेपरमधला फोटो बघून म्हणालात, किती सुटलीय. मग तुम्ही दोघी लग्नांचे अल्बमही तसेच बघायला लागलात. आमचा ग्रुप तेच करतो, फक्त मार्क लावून."

आई रडल्या नाहीत. त्यांनी ब्लाउजची बाही सरळ केली आणि म्हणाल्या, "मलाही तेव्हा कुणीतरी तसंच बघत होतं गं."

इथे मला माझ्याबद्दलही काही कळलं. पहिल्या दिवशी इराला धीर द्यायला मी म्हटलं होतं, "अगं, तू किती छान दिसतेस!" चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण तेही मार्कच होते, दहापैकी नऊ. नऊ देणाऱ्याला उद्या सहा देता येतात, हे मुलीला बरोबर कळतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही मुलीला दिसण्याची पावती देणं सोडलंय. 'तू आहेस तशी सुंदर आहेस' हे वाक्यसुद्धा मी वापरत नाही. सुंदर असणं ही अट कशाला ठेवायची?

फोन करणाऱ्या आयांना म्हणून मी आता वेगळं सांगते. मोबाइल काढून घेऊ नका, ती बाथरूममध्ये जाऊन बघेल. शेजारी बसून तिच्यासोबत बघा. ड्रेस कुणी शिवला, कापड कुठलं, एवढा घोळ जिन्यावर सांभाळते कशी, ते विचारा. त्या बाईला कशाबद्दल नामांकन आहे, तेही विचारा. २०१४ च्या एका पुरस्कार सोहळ्यात कॅमेरा पायापासून डोक्यापर्यंत फिरू लागला, तेव्हा केट ब्लँचेटने वाकून विचारलं होतं, पुरुषांनाही असंच दाखवता का? पुढच्या वर्षी ऑस्करच्या वेळी रीझ विदरस्पूनने पत्रकारांना जाहीरपणे सांगितलं की बायकांना कपड्यांपलीकडचंही विचारा. म्हणजे ज्यांना बघून आपल्या मुली उपाशी राहतात, त्यातल्या कित्येकींना हा तमाशा नकोसा आहे. टीका जरूर करू द्या मुलींना, धारदार करू द्या. ती कापडावर करा, शिवणीवर करा, लहान नमुने शिवणाऱ्या त्या धंद्यावर तर नक्कीच करा. माणसाच्या दंडावर आणि वयावर नको. दुसरीच्या अंगावर चालवलेली ही जीभ रात्री आरशासमोर आपल्यावर चालते, आणि तिथे थांबवायला कुणी नसतं.

आणि लग्नाच्या कार्यालयातून घरी आल्यावर पहिला अर्धा तास जरा जपून बोला. मुली पलीकडच्या खोलीत जाग्या असतात.

इराचं लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. जेवण रुळायला चार महिने लागले, मध्ये दोनदा ती पुन्हा काकडीवर गेली. ग्रुपमध्ये तिने मार्क देणं बंद केलं तेव्हा एक मैत्रीण दुखावून निघून गेली. डॉक्टरांच्या भेटी अजून चालू आहेत.

डिसेंबरात लग्नाच्या आदल्या रात्री तिचा एक फोटो आला. ब्लाउज उलटं करून पलंगावर पसरलेलं. आईच्या दोन जुन्या खुणांच्या पलीकडे नवी टीप होती, तिची स्वतःची. जुळता दोरा मिळाला नव्हता म्हणून लाल वापरला होता. खाली लिहिलं होतं, "मॅम, अजून अर्धा इंच माया शिल्लक आहे."

घातलेला फोटो तिने पाठवला नाही. मीही मागितला नाही.